गच्चीवरची अंबाडी

कुडवा, गोंदिया
२२ जून २०२५

ती. मोठी बहीण सुशिलाबाई हिस,
शालीकरामचा सा. नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नको, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "पेन्शन सुरू झाली" म्हणालो आणि तू "कोन मेली?" म्हणून रडायला लागलीस. मग माझं ओरडून समजावणं ऐकून आमच्या शेजारची दुर्गाप्रसादची बायको धावत आली, तिलाही रडू आलं. त्यापेक्षा पत्र बरं.

तर मी रिटायर होऊन महिना झाला. इतकी वर्षं गोंदियाच्या बसस्थानकावर माइक धरून गाड्या पुकारल्या, आता घरात पुकारायला कुणी नाही. भुपेंद्र नागपूरला कामावर, पंधरा दिवसांनी येतो. नात रिंकू शाळेत. उरलो मी आणि सूनबाई. डिंपलचं तुला माहीतच आहे, पोलीस शिपाई. सकाळी खाकी घालून जाते ती अंधार पडता येते. "मामाजी, जेवण वाढू?" ती विचारते. "हं," मी म्हणतो. झाला दिवसाचा संवाद. ती वाईट नाही गं, पण तिच्यासमोर बसलं की मला उगाच वाटतं की माझा जबाब घेऊन राहिली आहे.

पंधरा दिवसांपूर्वी ती रिंकूला सांगत होती, की तिची आई तुमसरला अंबाडीची भाजी करायची, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी, तशी भाजी लग्नानंतर खाल्ली नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं. तू मागे अंबाडीच्या बियांची पुडी दिली होतीस ती शोधून काढली आणि गच्चीवर पाच कुंड्यांत पेरली. रिंकूच्या लव्हबर्डांचा पिंजरा तिथेच जिन्याशी टांगलेला असतो. त्याखालचा दाणे-भुसा झाडून तोही खत म्हणून कुंड्यांत टाकला. काही वाया घालवायचं नाही.

बाई, काय उगवण झाली म्हणून सांगू! प्रत्येक कुंडीत एकेक रोप ठेवलं, बाकीची उपटली. ओळख राहावी म्हणून मी गाड्या पुकारायचो त्या गावांची नावं दिली आहेत: तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी आणि सालेकसा. पैकी सालेकसा थोडी मागे आहे, रस्ता खराब असल्यासारखी.

आता प्रश्न असा की या बाळरोपांना खुराक काय द्यायचा? डिंपलला काही सांगितलेलं नाही. ती गच्चीवर येत नाही, तिचे कपडे खाली अंगणात वाळतात. एक दिवस भाजी थेट ताटातच वाढायची असा बेत आहे. सविस्तर कळव.

तुझा,
शालीक


मोहटोला, ता. गोरेगाव
२९ जून

चि. शालीकले आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. अंबाडीले खुराक विचारून राहिला! अगा, अंबाडी आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर कोनी न विचारता वाढते. तिले काई लागत नाही. तुले मायनं काय खुराक देला होता? तरी झालाच ना एवढा मोठा.

पन तू ऐकशील नाही, म्हनून सांगते. रोप लहान आहे तोवर त्याले कुंडीतल्या मातीतलंच पुरते. बोटभर होऊन चार-सहा पानं आली का मुरलेलं सेनखत मूठभर वरून टाकजो. ताजं सेन नोको, रोपाच्या खालच्या मुरा जळतात. चुलीतली राख चिमूटभर चालते. पानी माती सुकल्यावरच देजो, रोज रोज नोको. आनि युरियाले हात लावजो नोको. तुझ्यासारखा शहरातला मानूस युरिया पाहते आनि साखर समजून टाकते. लहान रोपाले तो पचत नाही.

मले एक नवल वाटून राहिलं. ती पुडी तीन सालाची जुनी होती. मीच पेरली तं माझ्या अठी एक दाना उगवला नाही. तुझ्या अठी पाचही कुंड्यांत कशी उगवली? देठ लालसर आहे का पाहून सांगजो.

सुनेशी बोलत जाय. ती का तुले बेड्या घालते?

धानाचा रोवना लागला, लावनीसाठी पऱ्हे उपडून राहिली. हात चिखलाचे आहेत म्हनून कागद असा झाला.

तुझी,
सुशिलाबाई


कुडवा
६ जुलै

ती. बाईस सा. नमस्कार.

पत्र वेळेवर आलं. थोडी अडचण उभी राहिली आहे.

रोपं वीतभर झाली, पण पानांची टोकं करपून तपकिरी झाली आहेत आणि पानं खाली वळून पक्ष्याच्या नखासारखी झाली आहेत. रंग मात्र गडद हिरवा, जवळजवळ काळा. सालेकसा तर खालून पिवळी पडत चालली. मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याजवळ बसतो. "तिरोडा, काय झालं गं?" विचारतो.

तू म्हणालीस तसंच सगळं केलं. अगदी तसंच. फक्त थोडं पौष्टिक वरून दिलं, म्हणजे उकळलेली चहापत्ती, अंड्याची टरफलं, ताक, रिंकूची ताकदीची गोळी कुटून, आणि डिंपल पोलीस भरतीच्या वेळी दुधात घ्यायची त्या प्रोटीन पावडरचा तळाशी उरलेला डबा. मी म्हटलं, ज्या पावडरीवर सूनबाई आठशे मीटर धावली, त्यावर अंबाडी निदान उभी तरी राहील.

तू विचारलेल्या गोष्टी: देठ लाल नाही, हिरवा आहे. पान हाताच्या पंजासारखं, बोटं पाच, काही ठिकाणी सात, कडा करवतीसारख्या. वास उग्र. गच्चीवर गेलं की पावसाळ्यात बंद पडलेल्या गाडीत बसल्यासारखं वाटतं. शहरातली अंबाडी अशीच असते का? एक पान वाळवून पाकिटात ठेवलं आहे, बघून निदान कर.

३ ऑगस्टला रिंकूचा वाढदिवस आहे. डिंपलच्या ठाण्यातल्या मोठ्या मॅडम जेवायला येणार आहेत. त्याच दिवशी माझ्या अंबाडीची भाजी करायची असं ठरवलं आहे. त्यामुळे रोपं वाचणं अत्यंत गरजेचं आहे.

तुझा,
शालीक


मोहटोला
११ जुलै

चि. शालीकले आशीर्वाद.

तू युरिया टाकला. खोटं नोको बोलू. टोक करपते, पान नखावानी खाली वळते, हिरवं निरं कारं पडते, हे सारं जास्त खत झाल्याचं लक्षन आहे. ताकानं असं होत नाही. किती टाकला? चमचा का वाटी?

आता ऐक. सगळं खत बंद. कुंडीखालचं भोक मोकरं कर आनि साधं पानी वरून सावकाश सोड, खालून निघून जाऊ दे. दोन-तीन डाव कर. खत धुऊन जाईल. मंग माती सुकू दे. नवी पानं सुधी आली तं समज का रोप वाचलं. जुनी करपलेली पानं काई सुधरत नाहीत, त्याच्यासाठी रडजो नोको. सालेकसाले पिवळेपन पान्यानं आलं असन, तू दिवसभर पाजत असशील. रोप तसं चांगलं झालं का मंग पातळ सेनाची स्लरी देजो, चहाच्या रंगाची, पंधरवड्यातून एक डाव. अन् ती प्रोटीन पावडर मुंग्यांले खाऊ घाल

थांब. इथवर लिहलं आनि आता पाकिटातलं पान पाहिलं.

शालीक. बाप्पा.

हे पान अंबाडीचं नाही गा. मी नाकाले लावलं आनि मले शिवरात्रीच्या जत्रेतले सारे बाबाजी आठवले. हे ते आहे. नाव लिहत नाही, तुझ्या घरी कोन पत्र फोडते काय माहीत, तुझ्या घरी कोन राहते हे तं माहीतच आहे. समजून घे. हे महादेवाच्या आवडीचं झाड आहे. समजलं? महादेवाच्या.

आजच्या आज सगळी उपडून जाळून टाक. कोनाले बोलू नोको. पत्रही जाळ.

सुशिलाबाई


कुडवा
१६ जुलै

ती. बाईस सा. नमस्कार.

बाई, तुझं पत्र वाचून मी गच्चीवरच हात जोडून बसलो!

युरियाचं तू ओळखलंस. चमचाच होता, पण वरण वाढायचा. असो. तू सांगितल्याप्रमाणे पाण्याने खत धुऊन काढलं. दोन-तीन दिवसांतच पाचही रोपांना नवी पानं सरळ आली. सालेकसासुद्धा हिरवी झाली. आता शेजारच्या जमुनाबाईच्या गाईचं मुरलेलं शेण कालवून चहाच्या रंगाची स्लरी देणं सुरू केलं आहे. वरून राखेची चिमूट.

पण खरी गोष्ट पुढे आहे. महादेवाचं झाड! आणि ते माझ्या घरी न लावता उगवलं! मला आधी वाटलं बेल. पण बेलाला तीन पानं, याला सात. म्हणजे दुपटीहून जास्त पुण्य. तू उपटून जाळ म्हणतेस, हे मात्र मला पटलं नाही. देव आपणहून आपल्या कुंडीत आला आणि आपण त्याला उपटायचं? माझ्या हातून नाही होणार. रोवणीच्या घाईत तू काहीतरी भलतंच लिहून गेलीस असं समजतो.

अंबाडी नाही म्हणून भाजीचा बेत गेला याचं वाईट वाटलं. डिंपलला आता काय खाऊ घालणार? पण दुसरा बेत सुचला आहे. तिच्या मॅडम फार शिवभक्त आहेत, श्रावणी सोमवार कडक करतात. वाढदिवसाला आल्या की त्यांना देवरीची कुंडी भेट द्यायची, लाल रिबीन बांधून. त्या कुंडी ठाण्याच्या दारात ठेवतील. देवरी सगळ्यांत घसघशीत आहे. डिंपलचाही मान वाढेल. तिला वाटेल, सासऱ्याला काहीतरी कळतं.

तू कळवलं नसतंस तर मी याची भाजी केली असती. महादेवानेच वाचवलं.

तुझा,
शालीक


मोहटोला
२१ जुलै

शालीक,

आशीर्वाद नंतर. पहिले वाच.

तुझं पत्र भेटलं. काल रोवना तसाच टाकून तरावाच्या पारीवर, पान्याकाठच्या उंचवट्यावर गेली, तठीच रेंज येते. शेजारच्या खेमराजच्या फोनवरून तुले फोन लावला. कोन उचलला काय माहीत, मले ऐकू येत नाही, म्हनून मीच बोलली. "शालीक," म्हनलं, "देवरीले मॅडमच्या हाती देजो नोको, तू जेलात जाशील, तुझी सून घरी बसन, तिरोडा-आमगाव सारे उपड आनि जाळ!" मंग खेमराजनं फोन काढून घेतला. तो म्हने का तिकडून बाईमानसाचा आवाज येत होता. ती डिंपल होती का गा? डिंपल असन तं माझी काई खैर नाही. खेमराज तवापासून मले वाकड्या नजरेनं पाहून राहिला, त्याले वाटते का मी कोन्या एस.टी. डेपोले आग लावायला सांगून राहिली.

आता काई लपवत नाही. गांजा आहे तो. गांजा. गांजा. तीन डाव लिहलं, आता तं समज! तू पोलिसाच्या घरात, पोलिसाच्या डोक्यावर, गांजा लावून राहिला, त्याले प्रोटीन पावडर पाजून राहिला आनि पोलिसाच्या मॅडमले रिबीन बांधून देऊन राहिला. सुनेची नोकरी जाईल. तिनं धावून-धावून कमावली ती.

माझ्या पुडीतलं ते नाही, देवाची आन. कुठून आलं ते तूच सांग.

सुशिलाबाई


कुडवा
२६ जुलै

ती. बाईस सा. नमस्कार.

तुझं बरेच दिवसांत पत्र नाही. रोवणी जोरात असेल.

इकडे एक चमत्कार झाला. मागच्या पत्रात मी रोपं महादेवाची आहेत असं लिहिलं होतं. २२ तारखेला सकाळी गच्चीवर गेलो तर पाचही रोपं बदललेली! देठ लालसर. पानांचा उग्र वास पार गेला. एक पान चावून पाहिलं, आंबट! बाई, ही अंबाडीच आहे. तू चुकलीस, मीही चुकलो. वाढीच्या वयात पोरं जशी रूप बदलतात तशी ती बदलली. मी सगळं श्रेय खुराकाला देतो. आधी पाण्याने धुणं, मग मुरलेली स्लरी, मग राख. थोडी उंची कमी झाली आहे, पण अंगात ताकद आली की माणूसही आधी थोडा आखूड वाटतो.

जमुनाबाई म्हणाली, "भाऊजी, ये तो कमाल हो गया, मलाही ते खत द्या." तिला बाटलीभर दिलं. दुर्गाप्रसाद मिरच्यांसाठी घेऊन गेला.

तर भाजीचा बेत पुन्हा पक्का. सालेकसा आणि देवरीची जागा आपसांत बदलली आहे असं मला सारखं वाटतं, पण माझ्या वयाचा दोष असेल.

मी ठीक आहे, घरात सगळे ठीक आहेत. सूनबाईही ठीक आहे, हल्ली फार काम असतं तिला. हे पत्र तिच्याच हाती टाकायला देतो आहे.

तुझा,
शालीक


कुडवा
२७ जुलै

ती. आत्याबाईंना डिंपलचा सा. नमस्कार.

मामाजींचं पत्र मी पोस्टात टाकायला घेतलं, पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. तुमचं २१ तारखेचंही मीच फोडलं आणि त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही. दोन्ही चुका माझ्या, माफ करा. पण तुम्ही घाबरल्या असाल म्हणून खरं काय ते लिहिते.

तुमचा फोन मीच उचलला होता. आधी मला वाटलं तुम्ही गाड्यांबद्दल बोलून राहिल्या. मग "जेलात जाशील" ऐकलं आणि मी गच्चीवर गेले. आत्याबाई, मी दारातच खाली बसले. पाच कुंड्या ओळीत, प्रत्येकीला कागदी पाटी, देवरीला रिबीन बांधून पाहिलेली. इतका तजेलदार माल मी मुद्देमालातसुद्धा पाहिला नाही. त्यांनी काय खुराक दिला कोण जाणे.

मी काही लपवलं नाही. तशीच ठाण्यात जाऊन मॅडमना सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "कुणी लावलं?" मी म्हटलं, "मॅडम, बहुतेक आमच्या पाखरांनी." लव्हबर्डांच्या दाण्याचं पाकीट मी सोबत नेलं होतं. त्या मिसळीच्या दाण्यांत त्याचंही बी होतं, आणि मामाजींनी पिंजऱ्याखालचा भुसा कुंड्यांत ओतलेला मला दिसला होता. मॅडमनी दाणे हातावर घेऊन पाहिले, मग टेबलावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की हवालदार पाणी घेऊन आले. "म्हणजे आरोपी दोन, दोन्ही पिंजऱ्यात," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दोन दिवसांच्या आत उपट, माझ्यासमोर जाळ, मी नोंद करते." त्याप्रमाणे झालं.

मामाजींना मात्र मी सांगू शकले नाही. त्याच संध्याकाळी सांगायलाच वर गेले होते. ते कुंड्यांशी बोलत बसले होते. "आमगाव, आज तू छान दिसतेस. तीन तारखेला सूनबाई तुझी भाजी खाईल, तिच्या आईची आठवण येईल तिला." आत्याबाई, माझ्याशी ते दिवसात एक "हं" बोलतात. मी तशीच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या बाजारात बंदोबस्त होता. एका आजीकडून अंबाडीची रोपं मुळासकट मागून घेतली, डब्यात लपवून आणली, आणि पुढच्या सकाळी ड्यूटीला जायच्या आधी युनिफॉर्ममध्येच ती जुनी झाडं उपटून पोत्यात भरली आणि ही कुंड्यांत लावली. कुणाची पाटी कुणाला लावली हे घाईत कळलं नाही. सालेकसाचं त्यांना कळलं, बघा.

तुम्ही त्यांना काही सांगू नका, हात जोडते. त्यांना वाटू द्या की खतानेच झालं. आणि दाणे मी बदलले आहेत, आता पाखरं फक्त राळं खातात आणि रागावलेली आहेत.

आपली,
डिंपल


मोहटोला
३१ जुलै

चि. शालीकले आशीर्वाद.

तुझं चमत्काराचं पत्र भेटलं. खरं आहे, माझीच चूक झाली. म्हातारी झाली, पान वरखत नाही. तुझं खत भारी आहे. रोपाचं रूप बदलवनारं खत मी तं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या अठी बाटली पाठवजो नोको, माझ्या धानाचा गहू होईल.

भाजीत कण्या आधी शिजवजो आनि अंबाडी उकळून पहिलं पानी फेकजो, नाही तं दात आंबतात. पाच झाडांची भाजी वाटीभर होते, बाजारातून आखीन घेजो.

आनि शालीक, सुनेले म्हन का बस, दोन घास माझ्यासंगं खा. एवढंच म्हन. बाकी तिचं ती पाहते.

तुझी,
सुशिलाबाई


कुडवा
१० ऑगस्ट

ती. बाईस सा. नमस्कार.

वाढदिवस पार पडला. सगळं सांगतो, आणि एक गोष्ट अशी सांगतो की ती तुझ्याजवळच ठेव. म्हणून हे पाकीट नीट चिकटवून मीच पेटीत टाकणार आहे.

मागचं पत्र मी मुद्दामच उघडं दिलं होतं. चमत्कार वगैरे काही झालेला नाही. त्या दिवशी मी सकाळी पाणी घालायला वर चढलो, तर गच्चीच्या दारातून डिंपल दिसली. खाकी घातलेली, बूट बाजूला काढलेले, उकिडवी बसून कुंडीत रोप लावत होती. बोटांनी माती दाबत होती. डब्यात आणखी रोपं होती. मला सगळं कळलं. युरियाने माझी रोपं आतून गेलेली असणार, वरून बरी दिसत होती तरी. रात्रीत मेली. तिने आधी पाहिली, आणि म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून कुठून तरी खरीखुरी अंबाडी आणून लावली. नोकरीवर जायच्या घाईत. मी चार पायऱ्या उतरलो, मोठ्याने खोकलो, ती झटकन हात मागे लपवून खाली आली. "गुड मॉर्निंग, मामाजी," म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुड मॉर्निंग. हाताला कोपरापर्यंत माती. "हं," मी म्हणालो.

मग तिला बरं वाटावं म्हणून चमत्काराचं पत्र लिहिलं. तिनं वाचलं असावं, कारण त्या दिवशी पोळ्या जास्त मऊ होत्या. तिला कधी सांगू नको की मला कळलं आहे. तिला वाटू दे, मी खताच्याच नादात आहे. जमुनाबाई त्या खताच्या बाटल्या अजून नेते आहे, तिलाही सांगू शकत नाही. तिचे दोडके खरंच बरे झालेत, त्याचं काय करायचं मला समजत नाही.

तीन तारखेला मॅडम आल्या. मी भाजी स्वतः केली. आपल्या पाच झाडांची आणि बाजारच्या दोन जुड्यांची. मी मीठ टाकलं, मी पाठ फिरवल्यावर डिंपलनेही टाकलं. मॅडम पहिला घास घेण्याआधी भाजीचा खूप वेळ वास घेत राहिल्या. मग एकदम हसू फुटलं त्यांना, पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटतं खारटपणामुळे. डिंपल खाली मान घालून बसली होती, तिचेही खांदे हलत होते. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखी रोपं मी कुठंच पाहिली नाहीत." असा मान मला बसस्थानकावर कधी मिळाला नव्हता.

तू म्हणालीस तसं मी डिंपलला म्हटलं, "बस, दोन घास माझ्यासोबत खा." ती बसली. भाजी तीनदा घेतली. "मामाजी, आईच्या हातची आठवली," म्हणाली.

मी म्हटलं, "खोटं बोलू नको. पोलिसात आहेस."

तर ती एवढ्या मोठ्याने हसली की रिंकू बाहेरून पळत आली. मग तिनं तुमसरच्या घराचं, आईचं सांगितलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली हे मला माहीत होतं, पण ती गेल्यापासून डिंपल रिंकूशिवाय कुणाजवळ तिचं नाव घेत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी ऐकत राहिलो. मॅडमची गाडी कधी गेली कळलं नाही.

आता मॅडमनी मला ठाण्याच्या मागच्या पडीक जागेत भाजीपाला लावायला बोलावलं आहे. फक्त एक अट घातली. बी त्या स्वतः आणून देणार. मला वाटतं शिवभक्त माणसं अशी काटेकोर असतात. मी रोज सकाळी डिंपलच्या गाडीवर मागे बसून जातो. ती चालवताना बोलत असते, दिवसभराचं, ठाण्यातलं, भुपेंद्रचं. वाऱ्यात आणि हेल्मेटात मला अर्धंच ऐकू येतं. "काय?" विचारलं तर ती थांबेल अशी भीती वाटते, म्हणून मी सगळ्याला "हो हो, बरोबर आहे" म्हणतो.

काल असंच हो म्हणताना मी कशाला तरी कबूल झालो. संध्याकाळी रिंकूनं येऊन गळ्याला मिठी मारली. घरी कुत्रा येणार आहे, बाई. ठाण्यातून रिटायर झालेला, वास घेणारा. माझं कुत्र्यांशी कधी पटलं नाही हे तुला माहीत आहे. पण मी हो म्हटलं आहे, आणि आता नाही म्हणायचं नाही.

तुझा,
शालीक